दोन हजार किलोमीटरनंतर डळमळणारा पल्स: एका लेझर-स्रोताचं प्रकरण

काम कागदावर सरळ होतं. सेकंदाला १० गिगाबिटचा एकच चॅनेल, सॉलिटॉन पल्स (फायबरमधून लांब जाऊनही आकार टिकवणारे प्रकाशाचे झटके), आणि निदान ५,००० किलोमीटर अंतर. एवढं लांब फायबर सहसा प्रयोगशाळेत अंथरलेलं नसतं, म्हणून आम्ही लूप बांधला होता, ज्यात तोच प्रकाश पुन्हा पुन्हा फिरतो. १२० किलोमीटर डिस्पर्शन-शिफ्टेड फायबर, दर ४० किलोमीटरवर एक एर्बियम ॲम्प्लिफायर, आणि प्रकाश आत घ्यायला व बाहेर सोडायला अकॉस्टो-ऑप्टिक स्विच. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक फेरी ०.६ मिलिसेकंदाची. ४२ फेऱ्या झाल्या की ५,०४० किलोमीटर भरतात, आणि हे सगळं २५ मिलिसेकंदांत उरकतं.

फायबर आणि ॲम्प्लिफायर यांच्यावर आम्ही महिनोन्‌महिने घालवले होते. पल्स तयार करणारा लेझर मात्र असाच, हाताशी होता म्हणून घेतला. या प्रकरणातली सगळी गुंतागुंत त्या एका निवडीतून निघाली.

आधी अपेक्षा काय होती ते सांगतो. १० गिगाबिटला एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंद येतात. शेजारशेजारचे सॉलिटॉन एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात, म्हणून त्यांच्यात रुंदीच्या चौपट तरी अंतर हवं. त्यावरून पल्सची रुंदी २५ पिकोसेकंद ठरली. फायबरचं डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वेगाने जाण्याचं प्रमाण, प्रति नॅनोमीटर प्रति किलोमीटर ०.५ पिकोसेकंद होतं. या दोन आकड्यांवरून सॉलिटॉनचा आवर्तकाळ, म्हणजे ज्या अंतरावर डिस्पर्शन आणि अरेषीयता (प्रकाशाच्या तीव्रतेने फायबरचा अपवर्तनांक बदलणं) यांची झटापट ठळकपणे जाणवते ते अंतर, सुमारे ५०० किलोमीटर येतं. ॲम्प्लिफायर ४० किलोमीटरवर आहेत. पल्सला मधल्या शक्तीच्या चढउतारांची दखल घ्यायला वेळच मिळत नाही, त्याला सरासरी शक्ती तेवढी कळते. ती सरासरी शिखरशक्ती दीड मिलिवॉटच्या आसपास. सगळं बेताचं, सगळं आटोक्यातलं.

स्रोत होता गेन-स्विच केलेला डीएफबी लेझर, म्हणजे एकाच तरंगलांबीवर चालणारा सेमीकंडक्टर लेझर. याची गंमत अशी की वेगळं काहीच लागत नाही. साध्या सेमीकंडक्टर लेझरला उंबरठ्याच्या जरा खाली ठेवायचं आणि वरून १० गिगाहर्ट्झचा जोरदार साइन करंट द्यायचा. प्रत्येक आवर्तनात आत इलेक्ट्रॉन साठतात, लेझर एकदम पेटतो, साठा एका झटक्यात रिकामा होतो आणि प्रकाश विझतो. विद्युत धक्का लांबलचक असला तरी प्रकाशाचा झटका छोटा येतो. स्वस्त, सुटसुटीत, आणि वारंवारता हवी तशी बदलता येते. डेटा बसवण्यासाठी पुढे लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर होता, त्यामुळे शून्य-एकांच्या क्रमाचा लेझरवर परिणाम होण्याचा प्रश्न नव्हता.

ऑटोकोरिलेटरवर पल्स पाहिला. २५ पिकोसेकंद, बुडाशी स्वच्छ. आम्ही खूश होऊन तो लूपमध्ये सोडला. पहिल्याच फेरीनंतर तो ऐंशी पिकोसेकंदांच्या घरात पसरलेला मिळाला. दुसऱ्या फेरीनंतर शून्य कुठलं आणि एक कुठला हेही ओळखता येईना.

ऑटोकोरिलेटर पल्सची तीव्रता वेळेत कशी पसरली आहे हे सांगतो. त्या पल्सच्या आत रंग कसा सरकतो हे त्याला दिसत नाही. ते पाहायला वर्णपट मोजावा लागतो, आणि तो आम्ही लूपमध्ये प्रकाश सोडण्याआधी मोजलाच नव्हता. आता मोजला तर रुंदी निघाली ०.९ नॅनोमीटर. १,५५० नॅनोमीटरच्या आसपास १ नॅनोमीटर म्हणजे १२५ गिगाहर्ट्झ, तेव्हा ही रुंदी झाली ११२ गिगाहर्ट्झ. २५ पिकोसेकंदांशी गुणलं की २.८. गाउसियन आकाराच्या पल्सला हा गुणाकार ०.४४ पर्यंत खाली आणता येतो, सॉलिटॉनच्या सेक-वर्ग आकाराला ०.३१५ पर्यंत. त्याच्या खाली निसर्ग जाऊ देत नाही. आमचा पल्स त्या मर्यादेच्या सहापटीहून वर होता. म्हणजे २५ पिकोसेकंदांच्या पल्सला जेवढे रंग लागतात त्याच्या सहापट रंग तो घेऊन निघाला होता.

हे रंग येतात कुठून? लेझर पेटताना आत इलेक्ट्रॉन भरपूर असतात, विझेपर्यंत ते संपत येतात. इलेक्ट्रॉनांची संख्या कमी झाली की स्फटिकाचा अपवर्तनांक वाढतो आणि पोकळीत बसणारी तरंगलांबी लांबते. त्यामुळे पल्सचं तोंड निळसर आणि शेपूट तांबूस. याला चर्प म्हणतात. ज्या यंत्रणेमुळे पल्स छोटा होतो त्याच यंत्रणेमुळे तो रंगीत होतो, म्हणून लेझरची सेटिंग बदलून हे टळत नाही. शिवाय आमच्या फायबरमध्ये निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पुढे पळतो. तोंड आणखी पुढे गेलं, शेपूट आणखी मागे राहिलं. हिशेब तोंडी होतो: ०.५ गुणिले १२० गुणिले ०.९ म्हणजे ५४ पिकोसेकंद. पंचवीसमध्ये चोपन्न मिळवले की ऐंशीच्या जवळ येतात. लूपने आम्हाला गणिताचंच उत्तर दिलं होतं.

खरा सॉलिटॉन थोडासा चर्प पचवतो. जास्तीची ऊर्जा आजूबाजूला सांडतो आणि स्वतःला सावरतो. पण त्याला मर्यादा आहे. चर्प एका एककरहित आकड्याने मोजतात; सेक आकाराच्या पल्सवरचा रेषीय चर्प सुमारे १.६ च्या पुढे गेला की त्या शक्तीला सॉलिटॉन मुळीच तयार होत नाही. आमचा चर्प सहाच्या वर होता.

पहिली दुरुस्ती सुचायला वेळ लागला नाही. निळं पुढे आणि तांबडं मागे असेल तर ज्यात तांबडं वेगाने जातं असं फायबर लावायचं. उलट्या डिस्पर्शनचं, भरपाईसाठी वापरतात ते फायबर सुमारे ३०० मीटर लेझरच्या पुढे जोडलं. परिणाम देखणा होता: २५ पिकोसेकंदांचा पल्स दाबला जाऊन ६ पिकोसेकंदांचा झाला. काही जणांना तर वाटलं की आता ४० गिगाबिटचाच विचार करावा.

लूपमध्ये तो आधीच्यापेक्षाही वाईट वागला, आणि याचं कारण सापडायला आम्हाला चार दिवस लागले, कारण सगळे चर्पच शोधत बसले होते. आवर्तकाळ पल्सच्या रुंदीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. रुंदी २५ वरून ६ वर आली की ५०० किलोमीटरचा आवर्तकाळ ३० किलोमीटरच्याही खाली येतो. ॲम्प्लिफायर ४० किलोमीटरवर. म्हणजे पल्स आता दोन ॲम्प्लिफायरांमधली सगळी घसरण भोगत होता: एका टोकाला शक्ती जास्त म्हणून आक्रसायचा, दुसऱ्या टोकाला कमी म्हणून पसरायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा प्रकाश सांडायचा. शिवाय सॉलिटॉनसाठी लागणारी शिखरशक्ती सतरापट झाली. लांब अंतरासाठी पल्स जेवढा छोटा तेवढा चांगला, हा समज नव्या माणसांत फार पक्का असतो. म्हणून या टप्प्यावर मी मुद्दाम थांबतो. पल्सची रुंदी लेझर ठरवत नाही, ती बिटचा वेग, फायबरचं डिस्पर्शन आणि ॲम्प्लिफायरांमधलं अंतर मिळून ठरवतात. लेझरने ती रुंदी पाळायची असते.

दुसरी दुरुस्ती उलट टोकाची. रंग जास्त आहेत ना, मग कापून टाका. ०.१५ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर लेझरच्या पुढे बसवला. चर्प असलेल्या पल्सवर असा फिल्टर दोन कामं करतो: रंग कमी करतो आणि ते रंग ज्या क्षणी येतात तेवढाच काळ प्रकाश जाऊ देतो, त्यामुळे पल्स फारसा रुंद होत नाही. बाहेर पुन्हा २५ च्या आसपास पिकोसेकंद, गुणाकार ०.५ च्या खाली. ऊर्जेचा पाच-षष्ठांशाहून जास्त भाग वाया गेला, पण त्याची भरपाई एका ॲम्प्लिफायरने झाली. डीएफबीची तरंगलांबी एका अंश सेल्सियसला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते, म्हणून लेझरचं तापमान अंशाच्या काही शतांशांत बांधून ठेवावं लागलं. तेही जमलं.

आणि लूप चालला. पाच फेऱ्या, आठ फेऱ्या, बारा फेऱ्या. आय डायग्रॅम (सगळे बिट एकमेकांवर रचून काढलेलं चित्र) उघडा, पल्सची रुंदी कायम, मधली जागा काळी. सॉलिटॉन प्रत्यक्ष पाहिला की पहिल्यांदा जे वाटतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. हजार किलोमीटर गेलेला प्रकाश निघाला तेव्हा होता तसाच परत येतो.

मग सोळा-सतरा फेऱ्यांनंतर, २,००० किलोमीटरच्या जवळ, चुका वाढू लागल्या. पल्सचा आकार बिघडला नव्हता. उंची, रुंदी जिथल्या तिथे. तो वेळेवर येत नव्हता. काही पल्स दहा पिकोसेकंद आधी, काही दहा पिकोसेकंद उशिरा.

सगळ्यांनी एकमुखाने निदान केलं: गॉर्डन-हाउस परिणाम. जेम्स गॉर्डन आणि हर्मन हाउस यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिलं होतं. प्रत्येक ॲम्प्लिफायर आपला उत्स्फूर्त प्रकाश सिग्नलमध्ये मिसळतो, त्यामुळे सॉलिटॉनचा मध्य-रंग प्रत्येक वेळी किंचित ढकलला जातो. रंग बदलला की फायबरमधला वेग बदलतो, आणि पुढच्या सगळ्या प्रवासात तो फरक साचत जातो. निदान प्रतिष्ठित होतं, आणि दोष ॲम्प्लिफायरांवर जात होता. तीन आठवडे आम्ही त्यांचे पंप-लेझर बदलले, जोड पुन्हा वितळवले, प्रत्येकाचा नॉइझ मोजला. सगळे ठणठणीत. हिशेब केला तर २,००० किलोमीटरला गॉर्डन-हाउसचा वाटा जेमतेम एक-सव्वा पिकोसेकंद यायला हवा होता. मोजमाप दहा सांगत होतं. काही जणांनी हिशेबावरच संशय घेतला.

कोडं सुटलं ते एका साध्या तक्त्यामुळे, आणि तो तक्ता मांडणाऱ्या तरुण सहकाऱ्याचं मला आजही कौतुक वाटतं. त्याने वेगवेगळ्या फेऱ्यांनंतर सॅम्पलिंग स्कोपवर जिटर, म्हणजे पल्सच्या वेळेतलं हे मागेपुढे होणं, मोजला. आठ फेऱ्यांनंतर, ९६० किलोमीटरला, साधारण ५ पिकोसेकंद. सोळा फेऱ्यांनंतर, १,९२० किलोमीटरला, साधारण १०. अंतर दुप्पट, जिटर दुप्पट.

गॉर्डन-हाउसमध्ये असं होत नाही. तिथे धक्के वाटेत ठिकठिकाणी बसतात. उशिरा बसलेल्या धक्क्याला साचायला कमी वाट मिळते, आणि सगळं मिळून जिटरचा वर्ग अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो. अंतर दुप्पट झालं की जिटर २.८ पट व्हायला हवा. सरळ दुप्पट वाढीचा अर्थ एकच निघतो: रंगातला फरक पल्स निघतानाच घेऊन आला होता, वाटेत कुणी दिला नव्हता. म्हणजे स्रोत.

किती फरक पुरतो पाहा. १,००० किलोमीटरचं एकूण डिस्पर्शन प्रति नॅनोमीटर ५०० पिकोसेकंद. एका पल्सचा मध्य-रंग दुसऱ्यापेक्षा ०.०१ नॅनोमीटरने वेगळा असेल तर तो ५ पिकोसेकंद इकडेतिकडे पोहोचेल. ०.०१ नॅनोमीटर म्हणजे सव्वा गिगाहर्ट्झ. ०.१५ नॅनोमीटरच्या फिल्टरच्या आत हा फरक आरामात लपतो. सामान्य वर्णपटमापक लाखो पल्सची सरासरी काढून एक गुळगुळीत टेकडी दाखवतो, त्यातही तो दिसत नाही. ३०० मीटरवर दिसत नाही, १२० किलोमीटरवर दिसत नाही. लांब फायबर हेच त्याचं खरं मोजमाप-यंत्र.

गेन-स्विच केलेल्या लेझरमध्ये हा फरक मुळातच असतो. प्रत्येक झटक्याआधी लेझर विझलेला असतो, आणि पुढचा पल्स आतल्या उत्स्फूर्त प्रकाशाच्या एखाददुसऱ्या योगायोगी फोटॉनातून वाढतो. कधी तो जरा लवकर पेटतो, कधी उशिरा. पेटण्याच्या क्षणी इलेक्ट्रॉन किती साठले होते त्यावर रंगाचा सरकता प्रवास कुठून सुरू होतो ते ठरतं. आधीच्या पल्सची आठवण पुढच्याला नसते. दुसऱ्या लेझरचा थोडा स्थिर प्रकाश आत सोडून त्याला बी पुरवता येतं, त्याने पेटणं बरंच नियमित होतं. आम्ही तेही करून पाहिलं. जिटर कमी झाला, पण ५,००० किलोमीटरला पुरेल इतका नाही. वाटेत फिल्टर बसवून सॉलिटॉनचा रंग मध्याकडे ओढत ठेवावा, अशीही सूचना आली. सूचना चांगली होती आणि पुढे आम्ही ती वापरलीही, पण त्या दिवशी मी विरोध केला. स्रोताचा दोष फायबरने झाकायचा, आणि मग ॲम्प्लिफायरांचा दोष झाकायला त्या फिल्टरांत जागाच उरायची नाही, हे मला पटत नव्हतं.

तेव्हा स्रोत बदलायचा ठरलं. समोर तीन वाटा होत्या. मोड-लॉक केलेला फायबर-रिंग लेझर सर्वांत शुद्ध पल्स देतो, आणि बऱ्याच जणांचा कल तिकडे होता. पण २० मीटरच्या रिंगची स्वतःची वारंवारता १० मेगाहर्ट्झ. १० गिगाहर्ट्झ हवे तर तिच्या हजाराव्या पटीवर लॉक करायचं. खोलीचं तापमान एक अंश हललं तरी ती हजारावी पट शंभरेक किलोहर्ट्झने सरकते आणि लॉक डळमळतो. रिंग ताणायला पिझो (व्होल्टेज दिलं की लांबी बदलणारा स्फटिक) बसवून, सतत पहारा ठेवून ते जमतं, पण आमचे प्रयोग रात्रभर चालायचे. दुसरी वाट मॅक-झेंडर मॉड्युलेटरने स्थिर प्रकाश कापण्याची. ती चर्पमुक्त आणि भरवशाची, फक्त तिचा सर्वांत छोटा नेहमीचा पल्स बिटच्या ३३ टक्के, म्हणजे ३३ पिकोसेकंद. आम्हाला शेजाऱ्यांतलं अंतर चौपट हवं होतं, ते तिप्पटच मिळालं असतं.

उरला इलेक्ट्रोॲब्सॉर्प्शन मॉड्युलेटर. स्थिर चालणाऱ्या डीएफबीच्या पुढे तो ठेवायचा, खोल उलटा बायस (कायमचं उलटं व्होल्टेज) द्यायचा आणि वर १० गिगाहर्ट्झची साइन. या मॉड्युलेटरमधून पार होणारा प्रकाश व्होल्टेजबरोबर घातांकी वेगाने घटतो. त्यामुळे साधी गोल साइन दिली तरी दार फक्त तिच्या एका टोकाशी, क्षणभर उघडतं. आकार जवळपास सेक-वर्ग येतो, आणि खोल बायसला चर्प नगण्य राहतो. बायस मागेपुढे केला की रुंदी बदलते. आम्ही २५ पिकोसेकंदांवर थांबलो, वर्णपट ०.११ नॅनोमीटर, गुणाकार ०.३४. या वेळी दोन्ही मोजमापं फायबर जोडण्याआधी केली.

किंमत एकच, प्रकाशाची. मॉड्युलेटरचा स्वतःचा तोटा आणि कापण्यातला तोटा मिळून सरासरी शक्ती शंभरात एक उरली. १० मिलिवॉट आत, ०.१ मिलिवॉट बाहेर. हे ऐकून काही जण दचकले. पण ०.१ मिलिवॉट हा ॲम्प्लिफायरसाठी अजूनही भरघोस सिग्नल आहे. पुढे वाटेत १२६ वेळा ॲम्प्लिफिकेशन व्हायचं असताना सुरुवातीच्या एकाचा नॉइझ त्यात हरवून जातो.

मुख्य फरक रंगात पडला. स्थिर चालणारा डीएफबी विझत नाही, त्यामुळे प्रत्येक पल्स त्याच एका अखंड प्रकाशातून कापलेला असतो. त्याची रेषारुंदी, म्हणजे त्याच्या रंगाचा पसारा, काही मेगाहर्ट्झ. १ मेगाहर्ट्झचा फरक ५,००० किलोमीटरला पिकोसेकंदाचे दोन शतांश एवढाच होतो. आधी प्रकाश निर्माण करणं, त्याला आकार देणं आणि वेळ पाळणं ही तिन्ही कामं एकाच चिपच्या गळ्यात होती. आता रंग डीएफबीकडे, आकार मॉड्युलेटरकडे, वेळ विद्युत ऑसिलेटरकडे.

स्रोतासाठी अडून राहण्याचा हा प्रकार या विषयात जुनाच आहे. अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी फायबरमधल्या सॉलिटॉनचं गणित १९७३ मध्ये मांडलं. लिन मोलेनॉर, आर. एच. स्टोलेन आणि गॉर्डन यांना तो प्रत्यक्ष दाखवायला १९८० उजाडलं. त्यासाठी कमी तोट्याचं फायबर तर लागलंच, शिवाय १.५५ मायक्रॉनजवळ शुद्ध पिकोसेकंद पल्स देणारा कलर-सेंटर लेझर लागला, जो द्रव नायट्रोजनने थंड ठेवावा लागतो. पुढे १९८८ मध्ये मोलेनॉर आणि केविन स्मिथ यांनी ४२ किलोमीटरच्या लूपमध्ये ४,००० किलोमीटर गाठले. समुद्राखालच्या केबलमध्ये मात्र तसला लेझर कुणी बसवणार नव्हतं. सेमीकंडक्टर स्रोतांकडे सगळ्यांचं लक्ष लागलं ते यामुळे.

नव्या स्रोतासह तोच तक्ता पुन्हा मांडला. २,००० किलोमीटरपर्यंत जिटर स्कोपच्या स्वतःच्या जिटरपेक्षा वेगळा काढता येईना. ४२ फेऱ्यांना, ५,०४० किलोमीटरला, साडेचार पिकोसेकंदांच्या आसपास. ५८ फेऱ्यांना, ६,९६० किलोमीटरला, साडेसात. अंतर १.३८ पट, जिटर १.६ पटीहून थोडा जास्त. गॉर्डन-हाउसचा दीडघाताचा नियम हेच सांगतो. सहापट जिटर दोन्ही बाजूंना रिसीव्हरला बिटमध्ये मिळणाऱ्या खिडकीत (ती पूर्ण १०० पिकोसेकंदांपेक्षा लहान असते) बसला तर अब्जात एकापेक्षा जास्त चूक होत नाही. ५,००० ला ते बसत होतं, ७,००० ला बसत नव्हतं. आता जो जिटर दिसत होता तो खरोखर गॉर्डन-हाउसचा होता, आणि वाटेतले फिल्टर आम्ही त्यानंतरच्या आठवड्यात मागवले.